चौदा गाड्या

कार्यशाळेची अट साधी होती. ज्याच्या आयुष्याबद्दल आपल्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नाही असं एक माणूस शोधायचं, त्याची परवानगी घ्यायची आणि तीन महिन्यांनी त्याचे बारा फोटो आणायचे. बाराच. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघून हसलो होतो. बारा फोटो काय, एका दुपारचं काम.

आम्ही अकरा जण होतो, सतरा ते बावीस वयाचे. एकाने लिफ्ट दुरुस्त करणारा कामगार निवडला, एकीने अंध मुलांना पोहायला शिकवणारे शिक्षक. एक जण आजोबांवर काम करतो म्हणाला, तर मॅडम म्हणाल्या, "आजोबांबद्दल तुला काहीच माहीत नसेल तर आधी घरी जाऊन त्यांच्याशी बोल. कॅमेरा इथेच राहू दे." तो खरंच गेला आणि पुढच्या आठवड्यात दुसरं नाव घेऊन आला. एकीचं काम तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं, कारण ज्या बाईंचे फोटो ती काढत होती त्यांनी फोन उचलणंच सोडलं. तेही उत्तरच होतं, पण हे तिला आणि आम्हालाही फार उशिरा कळलं.

माझी निवड बसच्या काचेवरून झाली. सकाळच्या पहिल्या फेरीला मी नेहमीच्या खिडकीत बसले होते. काचेवर फडक्याचा अर्धगोल उमटलेला होता आणि कडेला अजून ओल होती. म्हणजे थोड्या वेळापूर्वी कोणाचा तरी हात इथून फिरून गेला होता. चार वर्षं मी याच बसने जात होते आणि बस कोणी तरी पुसत असेल हा विचार कधी शिवलाही नव्हता. बस आपोआप स्वच्छ असायची, जसा सकाळी आपोआप उजेड असतो.

डेपोत फोटो काढायच्या परवानगीचा अर्ज तीन टेबलं फिरला. त्यात पाच आठवडे गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने कधी अर्ज केलाय त्याला माहीतच आहे. शेवटी मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: रात्री दहा ते एक, कामात अडथळा न आणता. घरच्यांचीही तीच अट होती. बाबा मला सोडायला यायचे आणि एक वाजेपर्यंत गेटबाहेर स्कूटरवर बसून राहायचे. पहिल्या रात्री मला त्याची लाज वाटली होती. पुढे वॉचमनची आणि त्यांची अशी गट्टी जमली की मीच त्यांना "चला आता" म्हणायला लागले.

मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बसच्या मागच्या दारात बादली टेकवून हात पुसत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. निळा गणवेश, पदर खोचल्यासारखी कमरेला बांधलेली ओढणी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस येणार?"

"तीन महिने."

"मग ते आज बॅगेतच ठेव."

कॅमेऱ्याबद्दल म्हणत होत्या. मी ठेवला. मॅडमनीही हेच सांगितलं होतं, पण मावशींच्या तोंडून ते ऐकताना वेगळं वाटलं. मॅडमनी आम्हाला युजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराची गोष्ट सांगितली होती. १९४८ मध्ये 'लाइफ' मासिकासाठी तो कोलोरॅडोतल्या एका गावच्या डॉक्टरसोबत काही आठवडे राहिला होता. असं सांगतात की सुरुवातीला तो कॅमेऱ्यात फिल्म न घालताच शटर दाबत असे, डॉक्टरला त्याची सवय व्हावी म्हणून. ही युक्ती मला तेव्हा भारी वाटली होती. आता जराशी लबाड वाटते. कॅमेरा बॅगेत ठेवणं जास्त सरळ.

दुसऱ्या रात्री मावशींनी माझ्या हातात फडकं दिलं. "नुसती उभी राहिलीस की मला घाई होते." मग मी काचा पुसायला लागले. पहिले दोन आठवडे मी एकही फोटो काढला नाही, पण त्यांचं काम कसं चालतं ते अंगात उतरलं. कचरा नेहमी मागून पुढे येतो. शेवटच्या बाकापासून सुरुवात, सीटखालून खराटा आडवा घालून सगळं मधल्या वाटेत, तिथून पुढच्या दारापर्यंत आणि मग एकदाच खाली. सीट आणि भिंतीमधल्या फटीत तिकिटांच्या गुंडाळ्या अडकतात, त्या खराट्याने निघत नाहीत. त्यासाठी मावशींकडे एक वाकवलेली तार होती, टोकाला कापड गुंडाळलेली. ती कोणी दिलेली नव्हती, त्यांनीच बनवलेली. मग ओलं फडकं, मग कोरडं. काच पुसताना त्यांचा हात खांद्यातून फिरतो, मनगटातून नाही, म्हणून तो अर्धगोल इतका मोठा येतो. माझा वाटीएवढा यायचा.

त्यांच्या वाट्याला एका रात्रीत चौदा गाड्या यायच्या. मी मोजल्या होत्या, आधी झालेल्या आणि लाइनीत उभ्या असलेल्या धरून.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा काढला तेव्हा एक वेगळीच पंचाईत समोर आली. उजेड. डेपोच्या अंगणात सोडियमचे पिवळे दिवे, शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट आणि बसच्या आत निळसर पांढरे दिवे. बसच्या दारात उभं राहिलं की अर्धा चेहरा नारिंगी, अर्धा हिरवट. शेडमध्ये काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. मला वाटलं कॅमेराच बिघडला. तोही उसना होता, त्यामुळे घामच फुटला. मॅडमनी समजावलं: वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर त्याहून जोरात पळालं की सेन्सरच्या एका भागाला तेज क्षण मिळतो आणि दुसऱ्याला मंद. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेव, पट्टे जातील.

गेले. पण पन्नासाव्या भागाला मावशींचा हात फोटोत उरेना. चेहरा स्पष्ट, बाकं स्पष्ट आणि हाताच्या जागी नुसता धुरकट पंखा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत वाढवला, लेन्स पूर्ण उघडली, तरी तेच. आठवडाभर मी त्या हातामागे लागले होते. मग लक्षात आलं, खांद्यातून फिरणारा हात वळणाच्या टोकाला क्षणभर थांबतो, जिथून तो उलटा फिरतो. तिथे शटर दाबायचं. फडक्याचे दोन आठवडे कामी आले ते इथे. तो थांबा डोळ्याने पकडण्याआधी मला खांद्यातून माहीत होता.

पहिले दोनशे फोटो छोट्या आकारात छापून मी कॉन्टॅक्ट शीट मॅडमसमोर ठेवली. सगळे काळे-पांढरे केलेले. मला ते फार गंभीर आणि छान वाटत होते. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग बोट ठेवत गेल्या.

"हा उभं राहून. हाही उभं राहून. हा पायरीवरून. तू सगळीकडे त्यांच्यापेक्षा वर आहेस."

खरं होतं. मावशी वाकून झाडत असायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावरून.

"आणि यातल्या एकाही फोटोत त्या तुझ्याकडे बघत नाहीयेत. तुला त्या दमलेल्या हव्या होत्या का?"

मी म्हटलं, त्या दमतातच.

"हो, पण दोनशेपैकी दोनशे फोटोंत?"

मग रंगांकडे वळल्या. "काळं-पांढरं का केलंस? काही दाखवायचंय म्हणून की रंग सांभाळता आले नाहीत म्हणून?" मी गप्प. उत्तर दुसरं होतं. घरी जाऊन रंगीत फाइली पुन्हा उघडल्या तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. सोडियमच्या दिव्यात निळा रंग जवळपास उरतच नाही. अंगणात मावशींचा गणवेश काळपट राखाडी दिसतो आणि त्या बसची पायरी चढल्या की एकदम निळा होतो. प्रत्येक गाडीगणिक त्या रात्रीतून अशा चढत-उतरत राहतात, निळ्या-राखाडी, निळ्या-राखाडी. हे मी एका बटणात पुसून टाकलं होतं.

त्या आठवड्यात मॅडमनी जेकब रीसचे फोटो दाखवले. १८८७ च्या सुमारास हा वार्ताहर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री शिरायचा, मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवायचा आणि फोटो काढायचा. या नादात आपण दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्या फोटोंमुळे घरांचे कायदे सुधारायला हातभार लागला हे खरं. पण मी त्या फोटोंतले चेहरे बघत बसले, झोपेतून दचकून उठलेले, डोळे दिपलेले. माझ्याकडे भडका उडवणारी पुडी नव्हती एवढंच. मीही काय बघायचंय ते ठरवूनच डेपोत गेले होते. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम त्यानंतर पाहिलं. त्यात नरकासारखी जागा दिसते, पण माणूस त्या जागेत विरघळून जात नाही. तो तुमच्याकडे बघतो. हे कसं जमतं ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

पुढच्या रात्री मी बसच्या फरशीवर मांडी घालून बसले. मावशी म्हणाल्या, "तिथे अजून फडकं मारायचंय." उठले, त्यांनी पुसलं, मग बसले.

आता खणाबद्दल.

शेडच्या कोपऱ्यात एक लोखंडी टेबल होतं आणि त्याच्या खालच्या खणात गाड्यांत सापडलेल्या वस्तू. हा खण मावशींच्या ताब्यात होता. दर सोमवारी वस्तू ऑफिसात जमा व्हायच्या, तोवर इथे. त्या रात्री खणात होतं ते असं: एक काडी तुटलेला चष्मा, तीन छत्र्या, किल्ल्यांचा जुडगा ज्याला लाकडी मासा लटकवलेला होता, लहान मुलाचा डाव्या पायाचा बूट, भूमितीची कंपासपेटी, एका कानातलं, आणि वहीच्या पानावर लिहिलेलं, चार घड्या घातलेलं एक पत्र. पत्र त्यांनी उघडलं नव्हतं. "आपलं नाही ते."

बाजूला एक लांब वही. तारीख, गाडीचा नंबर, कुठली सीट, काय सापडलं. मावशींचं अक्षर मोठं आणि उभं. शाळा लवकर सुटली म्हणाल्या, पण ओळ कुठेही वाकडी नव्हती. बुटापुढे लिहिलं होतं: "बूट लहान १, डावा, नाडी बांधलेली." मी विचारलं, नाडी कशाला लिहिलीत? मावशी म्हणाल्या, "नाडी बांधलेली म्हणजे काढलेला नाही, निसटलाय. आई शोधत येणार." वहीवर हात ठेवून, बूट उजेडात धरून त्या हे सांगत होत्या आणि पहिल्यांदा मी कॅमेरा डोळ्याला लावलाय हे आम्हा दोघींच्याही लक्षात नव्हतं. त्या फोटोत त्या माझ्याकडे बघतायत. जराशा वैतागून, हे कसं कळत नाही तुला, अशा.

मॅडमनी त्या फोटोवर काहीच टिप्पणी केली नाही, फक्त तो बाजूला काढून ठेवला.

लुईस हाइनबद्दल त्यांनी सांगितलं ते याच वहीमुळे. १९०८ पासून अमेरिकेतल्या बालकामगारांचे फोटो काढणारा हाइन मुलांची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशात हात घालून आतल्या आत टिपून घ्यायचा. वय, उंची, कामाचे तास. हे आकडे नसते तर मालक म्हणाले असते, मुलं सहज आली होती भेटायला. त्या दिवसापासून मीही वही ठेवायला लागले. मावशींच्या वहीसारखेच रकाने पाडून.

एक फोटो मात्र माझ्याकडे नाही.

रात्रीच्या मध्यात मावशींना वीस मिनिटांची सुट्टी असते, कागदावर लिहिलेली, हक्काची. त्या वेळात त्या एखाद्या पुसून झालेल्या गाडीत शेवटच्या लांब बाकावर आडव्या व्हायच्या. चपला खाली शिस्तीत जोडून ठेवलेल्या, हात डोळ्यांवर. एका रात्री मागच्या काचेतून अंगणातला पिवळा उजेड त्यांच्या तळपायांवर पडला होता आणि बाकी सगळी बस निळी. मी काढला. माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता, अजूनही मला तसंच वाटतं. उठल्यावर त्यांना दाखवला.

"हा काढून टाक."

का, ते मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, तुमच्या हक्काची सुट्टी आहे, त्यात लपवायचं काय?

"फोटोत घड्याळ कुठंय? बघणाऱ्याला सुट्टी दिसणार आहे का? ड्यूटीवर झोपलेली बाई दिसणार."

"आपण फोटोओळ लिहू ना खाली."

"ओळ कोण वाचतं? चित्र आधी दिसतं."

मी त्यांच्यासमोर कार्डावरून फोटो पुसला. पण त्याआधी, त्या झोपल्या होत्या तेव्हाच, मी तो लॅपटॉपवर घेतला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नऊ दिवस तो तिथेच होता. रोज उघडून बघायचे. स्वतःशी वाद घालायचे की दाखवणार नाही, नुसता ठेवते. त्या सुमारास जपानमधल्या मिनामाताच्या फोटोबद्दल वाचलं, त्याच युजीन स्मिथचा. पाऱ्याच्या विषबाधेने अपंग जन्मलेल्या मुलीला तिची आई न्हाऊ घालतेय, १९७१ चा. जगभर गाजलेला फोटो. मुलगी १९७७ मध्ये गेली आणि पुढे आईवडिलांना वाटायला लागलं, आता हिला विश्रांती मिळू दे. स्मिथ तेव्हा हयात नव्हता. त्याच्यासोबत तिथे काम केलेल्या आणि हक्क सांभाळणाऱ्या आयलीन स्मिथने १९९८ मध्ये तो फोटो वापरू द्यायचा की नाही याचा निर्णय आईवडिलांच्या हाती दिला. एवढ्या मोठ्या फोटोबाबत हे होऊ शकतं तर माझ्या तळपायांची काय कथा. दहाव्या दिवशी पुसला आणि मावशींना सांगूनही टाकलं. दोन रात्री त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या रात्री पुन्हा फडकं हातात मिळालं.

मॅडमची पुढची सूचना मला सुरुवातीला अजिबात पटली नव्हती. आठवडाभर कॅमेरा मावशींना दे. ही काही त्यांची स्वतःची कल्पना नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले होते, स्वतःच्या जगण्यातलं काय महत्त्वाचं ते त्यांनीच दाखवावं म्हणून. या पद्धतीला पुढे 'फोटोव्हॉइस' म्हणायला लागले. मला वाटलं, मावशींना कुठे वेळ आहे? पण त्यांनी कॅमेरा घेतला. साधाच, खिशात मावणारा दिला होता. आठवड्याने परत आला तेव्हा त्यात ३८ फोटो होते.

त्यातले ३१ एकाच जागेवरून काढलेले. पुढच्या दारातून, बस पुसून झाल्यावर, मागच्या बाकापर्यंत. रिकामी बस. माणूस एकही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, चुकून बटण दाबलं गेलंय. मग गाडीचे नंबर ताडून बघितले, तर प्रत्येक गाडी वेगळी. काम झालं, मागे वळून एकदा बघितलं, फोटो. मी तीन महिने कचरा, बादलीतलं काळं पाणी, फटीतली तिकिटं काढत बसले होते. माझ्या अठराशे फोटोंत पुसून झालेली बस एकाही फोटोत नव्हती. कारण काम संपलं की मी पुढच्या गाडीकडे पळायचे, चांगली जागा धरायला.

उरलेल्या सातांपैकी सहा हललेले होते. एकात मी आहे. फरशीवर मांडी घालून, कॅमेरा डोळ्याला, तोंड उघडं. इतकी बावळट मी आधी कधी दिसले नव्हते.

निवडीला चार दिवस लागले. पोस्टकार्डाएवढे दीडशे प्रिंट जमिनीवर पसरून आम्ही त्यांच्याभोवती गुडघ्यांवर फिरत होतो. इथे प्रत्येकाचं काहीतरी मेलं. लिफ्टवाल्याने सगळ्यात धाडसी कोन बाहेर काढले, कारण त्यांत लिफ्ट होती आणि माणूस नव्हता. मॅडम एकच विचारायच्या: हा काढला तर काय कमी होईल? काहीच नाही असं उत्तर आलं की प्रिंट उलटा. माझा वळणाच्या टोकाला थांबलेला हात, ज्यासाठी आठवडा घातला, तोही उलटा झाला. खूप वाईट वाटलं. शेजारच्या फोटोतल्या धुरकट हातातून काम चाललेलं जास्त दिसत होतं. बारापैकी नऊ माझे राहिले आणि तीन मावशींचे, त्या रिकाम्या बसचे. क्रम मात्र मावशींनी बदलला. मी रिकाम्या बस शेवटी ठेवल्या होत्या, कळस म्हणून. त्यांनी त्या मध्ये-मध्ये पेरल्या. "एक झाली की दुसरी घ्यायची असते."

राहिल्या फोटोओळी. आम्हाला शिकवलं होतं की नाव द्यायची घाई करू नका, ओळख जपा. म्हणून मी लिहिलं होतं, "रात्रपाळीतील सफाई कामगार". मावशींनी वाचलं आणि विचारलं, "ही कोण?"

त्यांना नाव हवं होतं. पूर्ण. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, पगाराच्या चिठ्ठीवर असतं तसंच, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक न करता. तेव्हा मला अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा तो फोटो आठवला. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ, तंबूत बसलेली बत्तीस वर्षांची आई, खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. लँगने नंतर लिहिलं की मी तिचं नाव विचारलं नाही. 'स्थलांतरित आई' एवढीच ओळख घेऊन तो चेहरा चार दशकं वर्तमानपत्रांपासून पुस्तकांपर्यंत फिरला. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे जगाला कळलं १९७८ मध्ये, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती आणि त्या फोटोवर नाराज होती. त्यातून तिला कधी काही मिळालं नव्हतं. लँग वाईट माणूस होती असं मला म्हणायचं नाही. त्या फोटोनंतर तळावर सरकारी मदत पोहोचली. पण एक नाव विचारायला कितीसा वेळ लागतो?

प्रदर्शन छोटंच झालं, चार दिवस. मावशी दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी आल्या, सोबत रात्रपाळीच्या दोघी. एक बाई फोटोंसमोर उभ्या राहून "बिचारी" म्हणाल्या. मावशी त्यांच्या शेजारीच होत्या. त्यांनी रिकाम्या बसच्या फोटोकडे बोट केलं आणि त्या बाईंना सांगितलं, ही गाडी नवी आहे, हिच्या काचा सोप्या जातात. मग स्वतःचं नाव बोटाने वाचून बघितलं. बरोबर होतं.

नंतर एका संस्थेने बुटाचा फोटो त्यांच्या वेबसाइटसाठी मागितला. मी मावशींना फोन केला. भिंतीवर चालेल म्हणाल्या, मोबाईलवर नको. भिंतीसमोर माणूस उभा तरी राहतो. त्यामुळे ते फोटो इंटरनेटवर कुठेच नाहीत आणि या लेखासोबतही नाहीत. नावही इथे लिहिलेलं नाही. ती परवानगी त्या भिंतीपुरती होती.

हा लेख छापायच्या आधी मात्र त्यांना वाचून दाखवायचा असं आमचं ठरलं होतं. काल फोनवर अख्खा वाचला. तळपायांचं लिहिलं तर चालेल का विचारलं, तर म्हणाल्या, लिही, सुट्टी असते हेही लिहिलंस ना, मग झालं. बुटाची आई आली का, हे मी तीन महिन्यांत कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं. आली होती, चौथ्या दिवशी.

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक चुकलंय तुझं. चौदा नाही, सोळा गाड्या."

मी म्हटलं, मी मोजल्या होत्या मावशी, रोज.

"लांबच्या दोन दीडनंतर येतात. त्या तू कशा बघशील? तू एकला जायचीस."